फोटोखालच्या चिठ्ठ्या

फोटो दाखवायच्या आधी तो हातातल्या हातात उलटा करायचा, मग आडवा, आणि म्हणायचा, "मास्तर, काय हाय ते इचारू नको. नुसतं बघ."

वडवणीत बसस्टँडसमोर माझ्या या मित्राचा फोटो स्टुडिओ होता. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. लग्नाचा रोल संपताना दोन-तीन फोटो उरायचे, ते आमचे. बाजार उठला की आम्ही हिंडायचो. ताडपत्रीच्या घड्या, टँकरचा गंज, भिंतीवर ओघळलेला चुना. तो इतक्या जवळून टिपायचा की फोटोत ना ताडपत्री उरायची, ना टँकर.

एकदा गंजाचा फोटो चुकून कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये गेला. नवरीचा बाप तणतणत दुकानात आला. "हे कोण हाय बे? आमच्या पावण्यांत न्हाई असलं कुणी!"

"काढून टाकतो, काका. पण आधी एकदा बघा की. लई चांगला आलाय."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याचं मागणं फार नव्हतं. 'हे काय आहे?' असं न विचारता एकानं तरी आपल्या फोटोपुढे थांबावं, एवढंच.

शेवटी बीडला फोटोंच्या प्रदर्शनासाठी एक सभागृह मिळालं. लोक हसतील म्हणून मी घाबरलो. त्याला न विचारता प्रत्येक फोटोखाली चिठ्ठी डकवली: 'तहान', 'विरह', 'आईचा पदर'. लोक आले, चिठ्ठ्या वाचून माना डोलावल्या, पुढे सरकले. मी खुशीत होतो. तो दाराशी उभा राहून त्यांच्या नजरा पाहत होता. परतताना एसटीत एवढंच म्हणाला, "सगळ्यांनी वाचलं, मास्तर."

भांडला नाही. चहाला बोलवत राहिला. पण उरलेले फोटो मात्र एकटाच काढायला लागला. चुकलो, हे मला कळत होतं. ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत, आणि गेल्या वर्षी तो गेला.

दहाव्यानंतर त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर त्याचा एक फोटो होता, फोडणीच्या धुरानं पिवळा पडलेला.

"हा त्यानं लावला?" मी वहिनींना विचारलं.

"न्हाई, मीच आणला दुकानातून. काय हाय ते न्हाई ठाव, भाऊजी. पण बघत बसलं की कधीकधी दूध उतू जातं."

"त्याला सांगितलं होतं का हे?"

वहिनी पदरानं काच पुसत राहिल्या.

"कुठलं! ह्यांना वाटायचं, भिंतीचा पोपडा झाकायला लावलाय."