वंशावळीतली कोरी जागा

एकोणिसावे शतक संपायला सहा-सात वर्षे उरली होती. मी मुंबईत गिरगावात राहत होतो आणि कोटात, म्हणजे फोर्टात, एका जर्मन व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून होतो. साहेब यहुदी होते. त्यांना पहिला मुलगा झाला तेव्हा त्यांनी घराण्याची वंशावळ माझ्या हाती दिली. माझे अक्षर चांगले, म्हणून बाळासाठी नवी प्रत मी करायची होती.

साहेबांचे पणजोबा पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी फिती आणि बटणे विकत. आजोबांनी शहरात कापडाचे दुकान काढले. वडील डॉक्टर झाले. हे सारे साहेबांनीच सांगितले. वडील फार आजारी असल्याची तार आली आहे, हेही सांगितले.

प्रत पुरी झाली. तळाशी बाळाची जागा तेवढी कोरी राहिली. ती मला बघवेना. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. मी बाळाच्या आजोबांचे, म्हणजे साहेबांच्या वडिलांचे, नाव लिहून टाकले.

साहेबांनी ते वाचले आणि कागद खाली ठेवला.

"माझे वडील अजून जिवंत आहेत," ते म्हणाले. "आमच्यात जिवंत माणसाचे नाव मुलाला देत नाहीत. काय लिहिलेत तुम्ही हे?"

त्यांनी स्वतःच चाकूने ते नाव खरवडून काढले.

घरी हे सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, विचारायचं तरी! कोरी जागा दिसली की भरलीच!" मग हसून म्हणाली, "पण पद्धत चांगली आहे हो त्यांची. तुम्ही मामंजींचं नाव ठेवलंत, सुनेने ते तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून मी सहा वर्षं पोराला नुसतं 'बाळ' म्हणून हाका मारतेय."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कागदावरच्या तारखा ताडून पाहिल्या. भाऊबंद धरून, एकच नाव पुन्हा आल्याच्या पाच जोड्या सापडल्या. पाचही वेळा आधी मृत्यू, मग जन्म. एकदा तर मध्ये अकराच दिवस. नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवायचे होते. त्याआधी वडील गेल्याची दुसरी तार आली, तर बाळाचे नाव ठरलेलेच होते. तारवाला जिन्यात दिसला की माझी लेखणी थांबे.

नवव्या दिवशी साहेबांनी हाक मारली. "लिहा," म्हणाले, आणि एकेक अक्षर सांगू लागले. तिसऱ्या अक्षराला मी ओळखले. ते गाठोडेवाल्या पणजोबांचे नाव होते.

खरवडल्याने कागद तिथे पातळ झाला होता. शाई थोडी पसरली. साहेबांनी टिपकागद पुढे केला.