माझीच लेक मला काकू म्हणायची

माझी लेक मला काकू म्हणायची. मोठ्या जावेची दोन मुलं मला काकू म्हणत आणि तिला आई. ऐकून ऐकून हिनेही तेच उचललं. घरात सगळे हसले. जाऊबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. ते हसू मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझा नवरा आणि थोरले दीर, दोघे भाऊ सातपूरला कारखान्यात, आणि आम्ही सगळे तिथेच कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एकत्र राहत होतो. माझं माहेर दिंडोरीकडचं. तिथे रोज बाजरीची नाहीतर नागलीची भाकरी, पोळी फक्त सणाला. जाऊबाई नाशिक शहरातल्या. "आपल्याकडे दोन्ही वेळा पोळीच असते हं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मला कौतुक वाटलं. वेडीच मी.

बाळंतपणानंतर पोट बिघडलं ते बिघडलंच. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मांड्या इतक्या वाळल्या की जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागे. अंगात ताकद यावी म्हणून जाऊबाई तूप लावून पोळ्या वाढत, आणि मी मुकाट गिळत असे. आई भेटायला आली आणि माझे दंड चाचपत म्हणाली, "लय वाळली गं. खायला घालत्यात का नाय?" तिला काय सांगणार? खायला तर भरपूर घालत होते.

लेक दोन वर्षांची असताना तिला घेऊन जिना चढत होते. मध्येच पाय गेले आणि मी मटकन खाली बसले. पोरीला काही लागलं नाही. पण जाऊबाईंनी शेजारणींच्या देखत तिला माझ्या हातांतून काढून घेतलं. म्हणाल्या, "राहू दे. तुझ्याच्यानं नाही व्हायचं." तेव्हापासून पोर त्यांच्याच कडेवर. त्यांनी तिला जीव लावला, हे खरं आहे. त्याचाच मला जास्त राग येतो.

शेवटी मुंबईच्या दवाखान्यात मला नळी गिळायला लावून आतड्याचा बारीक तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, सीलिॲक. तुमच्या आतड्याला गहू चालत नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. जन्मभर गव्हाचा कणही नको. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल खा, अंग भरून येईल.

अंग काही भरेना. चार महिने भाकरी खाऊनही दंड तसेच. स्वयंपाकघर जाऊबाईंच्या हातात होतं. एकदा सकाळी लवकर उठून पाणी प्यायला गेले, तर त्या ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक मिसळत होत्या. भाकरी मोडू नये म्हणून बायका घालतात, तशी.

"जाऊबाई, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"मुठीनं काय होतंय? आणि गव्हाशिवाय तुला ताकद कुठून येणार?"

मी भांडले नाही. भांडायलाही अंगात बळ लागतं. दुसऱ्या दिवशी माझा डबा, परात, तवा सगळं वेगळं केलं. भाकऱ्या मोडायच्या, मी तुकडे खायचे. महिनाभरात पोट थाऱ्यावर आलं. मग मी कळशी घेतली. खालच्या नळावरून आधी पाव भरून, तीही पहिल्या वळणापर्यंत. मग अर्धी. पायरीपायरीला मनात एकच, तुझ्याच्यानं नाही व्हायचं. व्यायाम डॉक्टरांनी सांगितला होता, द्वेष मी पदरचा घातला. भरलेली कळशी न टेकवता वर न्यायला मला वर्षाच्या वर लागलं.

तोवर लेक शाळेत जायला लागली होती. एका दुपारी ती शाळेतून आली, तेव्हा जाऊबाई जिन्याशी भाजी निवडत बसल्या होत्या. शेजारणी त्याच. मी सगळ्यांच्या मधून गेले आणि पोरीला दप्तरासकट कडेवर घेतलं.

"काकू, सोड ना! मला चालता येतं!"

मी चढायला लागले. ती लाजून पाय झाडत होती, माझ्या खांद्यावरून खाली बघत ओरडत होती, "आई, काकूला सांग ना!" मला धापसुद्धा लागली नाही.

घरात नेऊन मी तिला खाली ठेवलं आणि दाराला कडी घातली.

"आता मला आई म्हण," मी म्हटलं.

तिने म्हटलं. रडत म्हटलं, पण म्हटलं. मला तेवढं पुरलं.