एका पायाची काठी आणि नावड्याचा मांडव

लोक प्रवासाला जायचं म्हणून कॅमेऱ्याचं सामान घेतात. मी कॅमेऱ्याचं सामान घ्यायचं म्हणून प्रवासाला निघालो, आणि तोही नेरुळहून दिघ्याला. ज्यांना बर्फ, मठ आणि याक वाचायचे आहेत त्यांनी इथूनच परत फिरावं. या प्रवासात ठाणे-बेलापूर रस्ता आहे, कळंबोलीचे ट्रेलर आहेत आणि एका बाईचा गळा आहे.

गळ्यापासून सुरुवात करतो. लग्नानंतरची बरीच वर्षं आम्ही शिरवण्यात बाळारामच्या घरात भाड्याने राहिलो. बाळाराम आगरी. शेती गेली, बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर चार मजले आले. त्याची आई जनाबाय. अख्खी गल्ली तिला नुसतं ‘बाय’ म्हणते. बाय धवलारीण आहे, म्हणजे आगरी लग्नात जी धवले ही पिढीजात लग्नगीतं गाऊन लग्न लावते ती. भटजी येतो, घड्याळ बघतो, जातो. खरं काम आदल्या दिवशी हळदीतच बायच्या गळ्याने उरकलेलं असतं. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि आवाज राहील याची खात्री नाही असंही सांगितलं. बाय म्हणाली, नावडे गावातल्या नातीचं लग्न लावते, मग काय कापायचं ते कापा.

बाळाराम माझ्याकडे आला. “तू त्या फ्लेमिंगोंची शूटिंग करतोस ना? मंग एकदा माज्या आयशीची कर.”

“लग्नाला व्हिडिओवाला असेल की.”

“हाय ना. त्याच्याकडं ड्रोन हाय. तो वरशी समद्यांची टकली काढनार. बायचं त्याला काय परलंय?” मग म्हणाला, “पूर्न धवला दुसऱ्या कोनाला येत नाय रे. तिचा आवाज गेला का आमचा धवला गेला.”

यावर नाही म्हणायला माणूस फार थोर किंवा फार नीच लागतो. मी मधला. मी हो म्हणालो आणि ताबडतोब मूळ कामापासून पळून खरेदीत शिरलो, कारण मध्यमवर्गाची दुःखावरची पहिली प्रतिक्रिया ऑनलाइन रिव्ह्यू वाचणं ही असते.

माझं तर्कशास्त्र बिनचूक होतं. मांडवातल्या गर्दीत ट्रायपॉड उभा राहत नाही. त्याच्या तिसऱ्या पायाला अडखळून कोणाची तरी मावशी पडते आणि लग्नभर तेवढंच बोललं जातं. हातात धरून शूट करावं तर पन्नाशीनंतर हात स्वतःचं मत मांडू लागतात. म्हणून मोनोपॉड, म्हणजे एका पायाची काठी. वाशीच्या मॉलमधल्या दुकानात कार्बन फायबरची होती. वजन नाही, किंमत आहे. विक्रेता म्हणाला, “सर, तुम्ही ट्रॅव्हल ब्लॉगर आहात ना, हे इन्व्हेस्टमेंट आहे.” मी त्याला माझ्या ब्लॉगचं उत्पन्न सांगितलं. त्याने काठी परत कपाटात ठेवली.

म्हणून शनिवारी सकाळी दिघा. तुर्भे सोडलं की स्कूटरवाल्याने ट्रकच्या डाव्या बाजूने जाऊ नये. घणसोली, रबाळे, ऐरोली अशी स्टेशनं उजळणीसारखी येत राहतात आणि डोंगराकडे कारखाने. दिघ्यात शिंदे नावाचे गृहस्थ लग्नाच्या व्हिडिओचा धंदा बंद करून सामान विकायला काढत होते. खोलीत एक पलंग, आणि पलंगाखाली त्यांचं सगळं आयुष्य. कोरेगावकडचे निघाले, मी वाईचा. त्यामुळे पहिली दहा मिनिटं ऊस आणि पावसावर गेली.

“धंदा का सोडला?”

“आता नवरीच रील काढती की. आपन गेलं तर म्हनती, काका, फ्रेममधनं बाजूला व्हा.”

त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा एक दणकट मोनोपॉड होता, खाली तीन छोट्या पायांचा पंजा असलेला. माझ्यासारख्यांसाठी सांगतो: नळ्या खाली-वर करायला फिरवायची लॉक असतात किंवा खटक्याची. खटक्याची घ्या, घाईत खटका लागला की नाही हे डोळ्यांना दिसतं. डोक्याचा, म्हणजे हेडचा, प्रश्न वेगळा. बॉल हेड फोटोला छान, कसंही वाकतं. व्हिडिओत ते हळूहळू मान टाकतं.

“आमच्याकडं जेवून सोफ्यावर बसलेला जावई बघा,” शिंदे म्हणाले. “तसं होतंय. तुम्ही फ्लुइड हेड घ्या. लोण्यातनं फिरल्यावानी फिरतंय.”

आणि खरोखर फिरत होतं. मी त्या खोलीतच दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून दारापर्यंत कॅमेरा फिरवत राहिलो. “तेवढं ध्यानात ठेवा,” शिंदे म्हणाले, “तो पंजा नुसता टेकायला हाय. सोडून चहाला जाऊ नका. बाकीचं दोन पाय तुमचंच.” काठी आणि हेड मिळून सहा हजारांत सौदा झाला. नाक्यावर वडापाव खाल्ला. तेल जुनं, चटणी ताजी, एकंदरीत मध्यम. घरी बायकोने दार उघडलं, काठीकडे पाहिलं आणि म्हणाली, “घेतलीस? मला वाटलं, अजून दहा वर्षं तरी लागणार नाही.”

रविवारी हळद. नेरुळहून नावड्याला जायला सायन-पनवेल रस्त्याने कळंबोली गाठायची, तिथून तळोज्याकडे वळायचं. कळंबोलीनंतर लोखंड वाहणारे ट्रेलर एका रांगेत उभे असतात; त्यांच्या सावलीत ड्रायव्हर स्वयंपाक करतात. पुढे हवेला एक गोडसर, औषधी वास येतो. नवख्याने विचारू नये, राहणारे उलट विचारतात, “कसला वास?”

मांडव झगमगीत होता. जांभळ्या पडद्यांची कमान, प्लास्टिकचे मोर, आणि डीजेच्या स्पीकरची भिंत. डीजे बाळारामनेच ठरवला होता. बाय अजून आत होती. मला हेडचा मोह आवरेना. कमानीपासून मोरांपर्यंत, मोरांपासून भातुकलीएवढ्या कारंज्यापर्यंत मी लोण्यातून कॅमेरा फिरवला. सकाळभर फिरवला. तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका घेतल्या. एकीने विचारलं, “भावजी, कंबरेचा त्रास हाय का?” मी काठी दाखवून म्हटलं, कॅमेऱ्याला आहे.

मग बाय आली. हिरवं नऊवारी लुगडं, गळ्याभोवती पदर घट्ट. पाटावर बसली आणि तिने मला समोर बोलावलं.

“शूटिंग करतोस तं कर. पन एक आयक. धवला चालू झाला का मी द्येवांना बोलवतंय. समदे मांडवान येतान. शेवटाला त्यांना परत धाराचं कामबी माजंच. तुज्या डब्यानबी येतील ते. मदीच बटन दाबलंस तं ते तुज्या डब्यान अरकतील. म्हनून मी त्यांना धारल्याबिगर बंद नाय कराचा.”

“बाय, किती वेळ लागेल?”

“द्येव काय तुज्या घड्यालावर येतान?”

देवांना परत धाडेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, यावर मी मान डोलावली आणि बॅटरीकडे पाहिलं. निम्मी. बाकीची सकाळभर प्लास्टिकच्या मोरांवर खर्च झाली होती. दुसरी बॅटरी होती, पण ती बाहेर स्कूटरच्या डिकीत, आणि धवला सुरू झाल्यावर घालायची तर कॅमेरा बंद करावा लागणार. आणि मायक्रोफोन? मी दोन आठवडे काठ्या आणि डोकी यांवर अभ्यास केला होता. एका गाणाऱ्या बाईचा शेवटचा आवाज धरायला निघालेल्या माणसाने मायक्रोफोनचा विचार केला नव्हता. जो होता तो कॅमेऱ्याच्या पोटातला, मसुराएवढा.

तेवढ्यात बायने गायला सुरुवात केली.

आवाज जाड, किंचित फाटलेला, एकाच उंचीवर चालणारा. गणपती आला, गावदेवी आली, खाडीवरचे देव आले, घरातले मेलेले आले. मुलीचं नाव घेऊन एकेकाला पाट मांडला. बाळाराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. चार मजल्यांचा माणूस एका मजल्याएवढा झाला होता. माझी फ्रेम स्थिर होती. इतकं स्थिर मी आयुष्यात काही धरलं नाही. पोटऱ्या भरून आल्या, पण काठी सोडली नाही.

हळद अंगाला लागेपर्यंत बायचा आवाज खरवडल्यासारखा झाला. तिने पाणी मागितलं नाही. पुढे तो नुसती हवा झाला. नेमकं तेव्हा मागे डीजेने धडाम करून सुरुवात केली.

बाळाराम धावला. “बंद कर! बाय गातंय ना तिकरं!”

डीजेवाला म्हणाला, “अरे दादा, गाना कुठं ऐकू येतंय? मला वाटलं झालं त्यांचं. फक्त चेकिंग आहे, पाच मिनिट.”

त्याची चूक म्हणवत नाही. खरोखरच ऐकू येत नव्हतं. बाळारामने भांडून डीजे थांबवला तेव्हाही मांडवात फक्त मुलांचा गलका होता आणि बायचे ओठ हलत होते. मी हेड जरा खाली घेऊन फ्रेममध्ये फक्त तिचा चेहरा धरला. मग पडद्यावरचं लाल चिन्ह लुकलुकलं आणि कॅमेरा आपोआप मेला. बायने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काठी खाली ठेवली नाही. ती गप्प होईपर्यंत मेलेला कॅमेरा तिच्यावर धरून उभा राहिलो, आणि कोणाला काही सांगितलं नाही.

परतीच्या रस्त्यावर पुलाखाली कोंडी होती. बरं वाटलं, घरी पोचून ते बघायची घाई नव्हती.

ऑपरेशन झालं. बाय वाचली, आवाज नाही. परवा शिरवण्याला गेलो, बाळारामच्या हॉलमधल्या भिंतभर टीव्हीवर लावलं. त्याच्या दोन सुना वही घेऊन बसल्या होत्या, धवला उतरवून घ्यायचा म्हणून. पहिला भाग त्यांनी भराभर लिहिला. मग आवाज फाटला, त्या पुढे सरकल्या. मग डीजे. मग नुसते ओठ. थोरली म्हणाली, “काका, हिकरं काय बोलतान?” मला काय कळणार? बाळारामने आईकडे पाहिलं. गळ्याला पट्टी बांधलेली बाय सोफ्यावर ताठ बसून स्वतःला बघत होती. तिला लिहिता येत नाही.

“बाय, बॅटरी संपली होती,” मी शेवटी म्हणालो. “देवांना परत धाडायच्या आधीच.”

तेवढ्यात टीव्ही काळा झाला. सुनांनी पेन खाली ठेवलं. बाळाराम रिमोट शोधायला लागला, आणि मी त्याचा हात धरला, कारण बायचे ओठ हलत होते. काळ्या पडद्याकडे बघत ती पुढचं म्हणत होती, एकेका देवाला थांबून, मान किंचित लववून. घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. बराच वेळ चाललं. आमच्यापैकी कोणालाही त्यातला एक शब्द कळला नाही आणि आता कळणारही नाही.

मग तिने हात जोडले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून खूण केली: आता बंद कर.