वाढत्या मापाची फळी

सांगलीत बर्फ भेटतो तो उसाच्या रसाच्या ग्लासात. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर मी स्नोबोर्ड निवडायला पुण्याला गेलो होतो. तीन वर्षं ही गोष्ट कुणाला धड सांगितली नाही. आता सांगतो.

मुलगी तेव्हा एकवीसची. काश्मिरात बर्फावरून घसरायचा पहिला कोर्स ती भाड्याच्या फळीवर पास झाली होती. पुढचा पास झाली की तिथंच शिकवायचं काम मिळण्यासारखं होतं, पण त्याला स्वतःची फळी हवी. तिची परीक्षा चालू, म्हणून तिने चिठ्ठी दिली. ऑल-माउंटन, म्हणजे यंत्राने दाबून घोटलेल्या उतारावर, भुसभुशीत बर्फात, झाडीत, सगळीकडे चालणारी. लांबी एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. फार ताठ नको. रुंद तर नकोच, माझे पाय लहान आहेत. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'पप्पा, यात बदल करू नका.' मुलगी बापाला ओळखून होती.

सोबत औंधकडचे आमचे चुलतदादा, निवृत्त सुभेदार. आमच्यात बर्फ बघितलेला तेवढा एकच माणूस. बघितला तो रेशनच्या कोठाराच्या खिडकीतून, पण एवढ्या खोलात आम्ही जात नाही. आणि मी तर तीस वर्षं हळदीच्या अडतीत. हळकुंड मोडून पोत्याची परीक्षा करणारा. मला फळी कळणार नाही?

दुकानात मी फळ्या बोटांनी वाजवून बघितल्या. दादांनी एक उभी करून तिला गुडघा लावला. बैलासारखे दात बघायची सोय नव्हती, एवढीच अडचण.

"उभी धरली की हनुवटी ते नाक, एवढी हवी," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "वजनही बघावं लागतं. कुणासाठी?"

"पोरीसाठी," दादा म्हणाले. "पण जरा थोरलीच दावा. वाढत्या अंगाची घिऊ."

"वय काय तिचं?"

"एकवीस."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. आमच्या घरात पाचवीला शिवलेला गणवेश आठवीत अंगाला बसतो आणि तोवर फाटलेला असतो. तीच रीत.

भिंतीशी एकशे अठ्ठेचाळीसची एक उभी होती, तिच्या शेजारी एक थोरली. दादा कानाशी आले. "दोनी एकाच भावाच्या हायत गड्या. आखूड न्यायला आपण काय येडं हाय व्हय? आन् ही बघ, कशी रुंद हाय. बसकी ऱ्हाईल. पोरगी पडायची न्हाई."

थोरली एकशे अठ्ठावन्नची होती. रुंद आणि ताठ.

"ही धिप्पाड माणसाची आहे," बाई म्हणाल्या. "हलक्या मुलीला वळवता येणार नाही."

"सवय होते," मी म्हणालो. चिठ्ठी खिशात होती. काढली असती तर आम्हा दोघांच्या एकत्रित ज्ञानाचा अपमान झाला असता.

घरी सांगितलं, "तुझ्या मापाची शिल्लक नव्हती." तिने फळी शेजारी उभी धरली. डोक्याला आली. "बघते चालवून," ती म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास होता, हा तिचा दोष.

कोर्सच्या चौथ्या दिवशी एका वळणावर फळी वळलीच नाही. मनगट मोडलं, मुलगी परत आली. दादा म्हणाले, "बर्फाला अंगात रग लागती." मी शिकलेला, म्हणून जरा सभ्यपणे म्हणालो, "तोल कमी पडला असेल तुझा." तिने मान डोलावली. मी गप्प राहिलो. गप्प राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

फळी मात्र बहुगुणी निघाली. तिच्यावर कुरडया वाळल्या, पावसात गळक्या पत्र्याला ती आडवी लागली. डोंगर सोडून सगळीकडे चालली.

गेल्या महिन्यात शेजारची कॉलेजातली मुलगी विचारायला आली, त्या कोर्सला जाऊ का म्हणून. आमची म्हणाली, "जा की. मला न्हाई जमलं. माझ्या अंगातच नव्हतं ते." आणि बँकेच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसली. वाक्य तिचं होतं, पेरलेलं मी.

ती एकटी झाल्यावर मी म्हणालो, "दुकानात तुझ्या मापाची होती."

"काय होती?"

"फळी. शेजारीच ठेवलेली. ही वळणार नाही, असंही त्या बाईंनी सांगितलं होतं."

"आणि माझी चिठ्ठी?"

"खिशात."

तिने पुस्तक मिटलं. "तीन वर्षं, पप्पा. तीन वर्षं मी मनातल्या मनात तेच वळण घेतीय. माझं कुठं चुकलं, शोधतीय."

मी माफी मागितली. पहिलीच वेळ, त्यामुळे पद्धत ठाऊक नव्हती. मध्येच दोनदा पाणी प्यालो. तिने ते पुरतं ऐकलंही नाही. फोन उचलला आणि पलीकडच्याला हिंदीत विचारलं, यंदाच्या कोर्सचे अर्ज कधी निघतात.

चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी पुण्याला निघाली. फळी बघायला, असं तिच्या आईकडून कळलं. मी पायात चपला सरकवत विचारलं, "येऊ का सोबत?"

"आवं, तुमी घरीच बसा," ती म्हणाली. "आणि दादांनाही बसवून ठेवा."

मी चपला काढल्या आणि दादांना फोन लावला.