पिवळं कार्ड गेलं ते वर्ष

नाशिक रोडला रेल्वे लाइनच्या मागे आमची पत्र्याच्या घरांची गल्ली होती. वडील गेल्यावर आई सरकारी क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायची, पण चूल पेटायची ती रेशनच्या गव्हा-तांदळावर आणि रॉकेलवर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रेशनकार्डांचे तीन रंग झाले होते. आमचं पिवळं, म्हणजे गरिबाचं. एक दिवस दुकानदार आईला हळूच म्हणाला, "वहिनी, तपासणी सुरू झालीय. ज्याच्याकडे गाडी, फोन सापडेल त्याचं पिवळं कार्ड जाणार."

आमच्या दारात मामाची स्कूटर उभी होती. कामासाठी सुरतला जाताना तो ठेवून गेला होता. इंजिन कधीच बसलेलं; तिच्यावर आम्ही गोधड्या वाळत घालायचो. त्या दिवसापासून आई तिच्याकडे घरात शिरलेल्या जनावराकडे बघावं तशी बघायला लागली.

शेजारच्या काकूंच्या घरामागे मोकळी जागा होती. आई त्यांना म्हणाली, "ताई, थोडे दिवस तुमच्याकडे ठेवता का?"

"नको वहिनी. आमच्याच नावावर लागायची," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

शेवटी आम्ही मायलेकींनी भर दुपारी स्कूटर ढकलत नाल्याकडे नेली, बाभळीआड उभी केली, वर फाटकं प्लास्टिक टाकलं. वाटेत कुणी काही विचारलं नाही. खिडक्यांतून बघत मात्र सगळे होते.

तपासणीला दोघं आले. बोलायला सभ्य. पाणी मागितलं, घरात किती जण विचारलं. एकाने दारातला तेलाचा काळा डाग बुटाने घासून पाहिला.

"गाडी आहे?"

"नाही, साहेब."

"बरं," तो हसला, आणि सरळ नाल्याच्या दिशेने चालू लागला. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले.

पुढच्या महिन्यात दुकानदाराने नकारार्थी मान हलवली; पिवळ्या कार्डावर आता माल मिळणार नव्हता. आई मला घेऊन तहसीलला गेली.

"दुचाकी निघाली ना तुमची?" तिथला कारकून म्हणाला.

"बंद आहे हो. भंगार आहे नुसतं."

"चालते की नाही, ते आम्ही बघत नाही, बाई."

हातात केशरी कार्ड आलं. त्याच्यावर दुकानात बहुतेक वेळा "माल आला नाही" एवढंच ऐकायला मिळायचं. मामाला विचारून स्कूटर भंगारात घातली, तरी कार्डाचा रंग बदलला नाही. आईने द्राक्षांच्या पॅकिंगचं काम धरलं. थंड खोलीत दिवसभर घड निवडून तिची बोटं ताठायची. भाकरी मोडतानाही वळायची नाहीत.

गल्लीही पूर्वीची राहिली नाही. कुणी नवी वस्तू आणली तर चादरीत गुंडाळून आत न्यायचं. ओट्यावरच्या गप्पा बंद झाल्या. आईने काकूंशी बोलणं टाकलं. तपासणीवाल्यांना त्यांनीच सांगितलं, असं ती उघड कधी म्हणाली नाही.

मग दिवाळीच्या तोंडावर काकूंचं कार्ड गेलं. त्यांच्या मुलाने घरात फोन घेतला होता. संध्याकाळी त्या आमच्या उंबऱ्याशी आल्या, पण आत पाऊल टाकलं नाही.

"तुम्ही सांगितलं का, वहिनी?"

आई परातीत पीठ मळत होती. "नाही," ती म्हणाली. मान वर केली नाही.

काकू निघून गेल्या. पीठ केव्हाच मळून झालं होतं, तरी आई मळत राहिली. मी तिला काही विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. वर्षभरात काकू घर विकून दुसरीकडे राहायला गेल्या. सामानाचा टेम्पो आमच्या दारावरून गेला, पण निरोप घ्यायला त्या थांबल्या नाहीत.