पंचवीस फुटांचं मौन

कॉलेजात त्याला सगळे मशीनवाले म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. तळमजल्याच्या टोकाला चित्रपट दाखवायची खोली, तिच्या मागं दोन पावलांची कोठडी, कोठडीत एक जुनं प्रोजेक्शन मशीन, एक स्टूल, आणि भिंतीत वीतभर चौकोनी भोक. त्या भोकाला डोळा लावून तो सव्वीस वर्षं बसला. हुद्दा शिपायाचा, पण आव असा की समोरच्या खोलीत बसलेले सगळे बिनडोक आणि शहाणा काय तो एकटा. खोटं कशाला बोला, बऱ्याचदा ते खरंही असायचं.

त्याचा सगळ्यात लाडका बिनडोक म्हणजे मौनसर. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर चित्रपट दाखवून संवाद शिकवायचे. पडद्यावरची माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कोण कुणाला मधेच तोडतं, कोण नजर चुकवतं, कोण किती सेकंद गप्प बसतं. गळ्यात सेकंदाचं घड्याळ, हातात आखलेला तक्ता. आणि स्वतः? त्यांच्या वर्गात आजवर एका पोरानं वाक्य पुरं केलेलं नव्हतं. कुणी हात वर केला की त्याचा प्रश्न सरच विचारायचे, उत्तरही सरच द्यायचे, वर 'छान चर्चा झाली' म्हणून पुढं जायचे.

चित्रपट दरवर्षी एकच. नवरा-बायकोचं घर, जेवणाचं टेबल. नवरा विचारतो, "तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?" पडद्याला एक झटका बसतो आणि लगेच दिसते ती खिडकीशी पाठमोरी उभी असलेली बायको. इथं सर दिवे लावायला सांगायचे.

"पाहिलंत? नवरा, चार सेकंद. बायको, शून्य. उत्तर न देणं हेच तिचं उत्तर. आणि हा झटका काय आहे? दिग्दर्शकानं इथं काळच कापून टाकलाय. ती खिडकी म्हणजे तिच्या मनाचं बंद दार."

खिडकीला दार म्हणणारा हा माणूस, आणि चाळीस पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. त्या एका झटक्यावर सरांनी बारा पानांचा लेख लिहिला होता. लेखावर बढती मिळाली, बढतीबरोबर फिरती खुर्ची मिळाली, आणि त्या खुर्चीत गोल फिरत सर आणखी बोलायला लागले.

आता खरी गोष्ट अशी, की काळ कापला होता मशीनवाल्यानं. ब्लेडनं. नऊ वर्षांपूर्वी, सर कॉलेजात येण्याच्या जरा आधी, मशीन चालू ठेवून हा पठ्ठ्या चहा प्यायला गेला होता. परत येतो तर मशीननं पंचवीस फूट फिल्म चावून ठेवलेली, कडेची सगळी भोकं फाटलेली. मशीन चालू असताना जागा सोडायची नाही, असा नियम कोठडीच्या दारावरच लावलेला. त्यानं गुपचूप तेवढा तुकडा कापला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि तुकडा एका पत्र्याच्या डबीत घालून कपाटामागं टाकला. बेचाळीस सेकंदांचा तुकडा. त्यात ती बायको घडाघडा बोलते, "विश्वास आहे. पण घर भावाच्या नावावर केलंस, हे मला शेजारणीनं सांगायचं का?" आणखीही बरंच सुनावते. मग अंगावर वारा येतो म्हणून उठते आणि खिडकी लावायला जाते.

पहिले काही दिवस त्याला झोप नव्हती. मग सरांनी त्या झटक्यात पहिल्यांदा अर्थ शोधला, आणि हा कोठडीत तोंडात रुमाल कोंबून हसला. त्या दिवसापासून त्याला चटकच लागली. रोज जेवताना तो बायकोला सरांची नक्कल करून दाखवायचा, मान पुढं काढून, बोटं नाचवून. सुरुवातीला तीही हसली. मग एकदा म्हणाली, "तुम्हाला त्या माणसाला तोंडी लावल्याशिवाय घास उतरत नाही का हो?" त्यानं ते मनावर घेतलं नाही. पोरं मौनावर पानंच्या पानं लिहीत होती, पास होत होती. त्याच्या मते यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

यंदा बिघडलं. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं तोच चित्रपट घरी आजीबरोबर फोनवर पाहिला होता, अख्खा. परीक्षेत तिनं लिहिलं की बायको गप्प बसत नाही, स्पष्ट बोलते, आणि काय बोलते तेही लिहिलं. सरांनी लाल शाईनं शेरा मारला, 'पात्राच्या तोंडी मनची वाक्यं घातली', आणि नापास केलं. मुलीला नोकरीचं पत्र आलेलं होतं. महिनाअखेर निकाल दाखवला तर रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ती फोन घेऊन सरांकडं गेली. सरांनी फोनकडं पाहिलंसुद्धा नाही.

"फोनवरच्या चित्रपटात कुणी काय घुसडलंय, कोण सांगणार? अस्सल प्रत आपल्याकडं आहे."

मग ती कोठडीच्या दाराशी आली. "काका, त्या जागी रीळ कापलंय का हो? नुसतं हो की नाही, एवढंच सांगा."

"आम्ही काय, दिवा लावतो, दिवा बंद करतो," तो म्हणाला. "सरांना विचार."

ती दोन दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा तेच ऐकून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. रीळ एकदा हातात घेऊन बघू द्या म्हणाली. कपाटाची चावी ऑफिसात आहे, असं त्यानं सांगितलं. चावी त्याच्या खिशात होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, नसती भानगड कोण अंगावर घेणार? ती गेल्यावर त्यानं मशीन पुसायला घेतलं.

मुलगी चिवट निघाली. तिनं प्राचार्यबाईंकडं अर्ज दिला. बाई कामाच्या होत्या. म्हणाल्या, वाद कशाला, चित्रपट लावा, मी बघते. खोलीत चौघंच: बाई, सर, मुलगी आणि भोकामागं हा. टेबल आलं, नवऱ्यानं विचारलं, पडद्याला झटका बसला.

"बाई, इथला तुकडा गेलाय," मुलगी म्हणाली.

झालं, सर उठले. काळ, मौन, खिडकी, मनाचं दार. बाईंनी तीनदा तोंड उघडलं, तीनदा सरांनी ते भरून काढलं. चौथ्यांदा बाई आवाज चढवून म्हणाल्या, "मशीन चालवणारे इथंच आहेत ना, त्यांना विचारू."

सर हसले. "त्यांना काय विचारता बाई? सव्वीस वर्षं भिंतीमागं बसलेत. त्यांना दिवा कळतो, सिनेमा नाही कळत."

मशीनवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीचं वर्ष, तिची नोकरी, यातलं काही म्हणजे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. याला, या टिनपाटाला, आज तोंडावर पाडायचं, एवढंच होतं. त्यानं कपाटामागून डबी काढली, खोलीत आला आणि बाईंच्या समोर दिव्याच्या उजेडात फिल्म उलगडून धरली.

"बाई, हा तुकडा. नऊ वर्षांपूर्वी मशीननं चावला, मी कापला. चूक माझी. पण बघा, बायकोचं तोंड उघडं, मिटलेलं, पुन्हा उघडं. मौन कसलं, चांगली झाडतेय ती त्याला. आणि खिडकीशी गेली ती वारा लागत होता म्हणून."

बाईंनी मुलीचा फोन मागून घेतला आणि बेचाळीस सेकंद शांतपणे पाहिलं, ऐकलं. सर गप्प होते. मशीनवाल्यानं मनातल्या मनात मोजलं, सहा सेकंद.

"म्हणजे," सर म्हणाले, "तिचा आवाज दाबला गेला होता. बाहेरून. ही तर माझ्याच मांडणीची पुढची पायरी झाली. यावर नवा लेखच..."

"सर, आधी मुलीचे गुण दुरुस्त करा," बाई म्हणाल्या. "आज. आणि मशीनवाले, उद्या लेखी खुलासा द्या." बाई आणि सर दोघंही निघून गेले. जाताना सर जिन्यावर बाईंना नव्या लेखाचा पहिला परिच्छेद ऐकवत होते.

खुलाशाची त्याला फिकीर नव्हती. नऊ वर्षांची कमाई आज हाती आल्यासारखा तो रीळ गुंडाळत बसला. मुलगी दाराशी आली तेव्हा ती आभार मानणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. 'असू दे गं' हे शब्द तोंडात तयार होते.

"काका, तुम्हाला नऊ वर्षं माहीत होतं?"

"होतं तर. अगं, गंमत सांगतो, दरवर्षी हा माणूस..." त्यानं मान पुढं काढली, बोटं नाचवली. "'खिडकी म्हणजे तिच्या मनाचं...'"

ती हसली नाही. "मी तीनदा आले होते."

"माझी नोकरी गेली असती ना."

"मग आज?"

उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आज ती त्याच्या मनात नव्हतीच. सर तसं बोलले नसते, तर डबी आजही कपाटामागंच राहिली असती, आणि तो घरी जाऊन हा प्रसंग बायकोला रंगवून सांगत जेवला असता.

तिला ते बहुतेक कळलं. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. ती नजर त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. इतकी वर्षं तो भोकातून सरांकडं तशाच नजरेनं पाहत आला होता.

"सरांना निदान माहीत तरी नव्हतं," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली.

त्याची मान तशीच पुढं निघालेली होती, बोटं हवेत. ती त्यानं खाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.