घाई नसलेले अणू

आमचे शेजारी परदेशी प्रयोगशाळेत होते. मे महिन्यात जामसंड्याला आले की आमच्या दगडी गडग्याला टेकून इतकं संथ बोलायचे की माझा चहा निवायचा. सांगायचे, लेसरने अणू अतिशय गार केले की ते जेमतेम सरकतात. असे दोन जवळ आले की प्रकाश टाकून त्यांचा क्षणभर रेणू करायचा; तो कुठले रंग शोषतो, त्यावरून त्यांची टक्कर कळते. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीत ही कल्पना नवीच होती.

“घायेत आसले तर कायच कळणा नाय,” म्हणायचे.

वाटणीपासून सख्ख्या भावाशी त्यांचा अबोला. एका वर्षी भाऊ सामाईक विहिरीवर दिसताच ते माझ्याशी बोलायचे थांबले, कळशी घेऊन सावकाश गेले आणि त्याच्या शेजारी नुसते उभे राहिले.

भावाने ओढलेली पहिली बादली यांच्या कळशीत ओतली.